नणंदबाईंची ‘माहीत नाही’ची पाटी

आमच्या थोरल्या नणंदबाईंना आजवर कुणी थाप मारू शकलेलं नाही; आणि खरी बातमीसुद्धा पहिल्या दमात त्यांना सांगणं कुणाला जमलेलं नाही. दारातून आत येत कुणी नुसतं “अहो ताई, तिकडं गडबड झालीय” म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, “तिकडं म्हणजे कुठं? आणि गडबड म्हणजे भांडण, अपघात, की नुसती गर्दी?” सांगणारा तोवर निम्मा थंड झालेला असतो. एकदा शेजारच्या काकू कुंपणावरूनच ओरडल्या, “अगं, तुमच्या स्वयंपाकघरात कायतरी शिरलंय!” ताई शांतपणे म्हणाल्या, “कायतरी असं काही नसतं, काकू. उंदीर, मांजर की माणूस?” मांजर होतं. पण त्याचा प्रकार ठरेपर्यंत त्यानं पातेल्यातली साय संपवून मागच्या खिडकीतून प्रस्थान ठेवलं होतं. सासूबाई चिडल्या, तर ताई म्हणाल्या, “माणूस असता तर काठी लागली असती, उंदीर असता तर पिंजरा. आधी कळायला नको?”

त्यांच्या फळीवरचे डबे हे दौंडातलं एक प्रेक्षणीय स्थळ आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एकावर ‘जिरे’. शेजारच्यावर ‘जिरे असावेत’. खालच्या रांगेत एका डब्यावर ‘धने पूड किंवा गरम मसाला, उघडून वास घ्यावा’, आणि सगळ्यात कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा, त्यावर फक्त ‘माहीत नाही’. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई तो डबा दाखवून म्हणाल्या होत्या, “ह्यो तिचा डबा. उघडू नको. तिला तपासायचाय म्हणं. तीन दिवाळ्या झाल्या.” ताईंनी लग्न केलं नाही. का, असं विचारण्याचं धाडस एकदा मी केलं. त्या म्हणाल्या, “बघायला आलेल्यांपैकी एकालाही धड प्रश्न विचारता आला नाही. ‘काय मग, कसं काय?’ याला काय उत्तर द्यायचं?”

माझी आणि त्यांची पहिली भेट आमच्या शिरूरच्या घरी, माझ्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात झाली. सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, सासऱ्यांनी ते रेल्वेतून रिटायर झाले तेव्हाचा निरोप समारंभ सांगितला, आणि माझा होणारा नवरा छताच्या पंख्याकडे बघत बसला. ताई मात्र मला गॅलरीत घेऊन गेल्या. माझ्यासारख्याच त्याही वेबसाठी प्रोग्राम लिहितात एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी दार लोटलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, “खरं सांग. एनी वापरतेस?”

मी चाचरले. “कधीतरी. घाई असली की.”

“किती दिवसांपासून?”

“कॉलेजपासून.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. “सोडशील?”

“सोडेन,” मी म्हणाले.

दाराआड माझी मावशी उभी होती. पुढच्या क्षणी घरात असा हलकल्लोळ माजला की पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. मुलीला कॉलेजपासून कसली तरी सवय आहे आणि ती तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केली आहे, ही बातमी आतल्या खोलीत पोचली होती. वडील घामाघूम झाले. शेवटी ताईंनीच सगळ्यांना समोर बसवून समजावलं. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिच्यात प्रत्येक वस्तू कोणत्या प्रकारची ते आधी सांगावं लागतं. हा आकडा, हे नाव, ही तारीख. ‘एनी’ लिहिलं की त्याचा अर्थ, यात काहीही असो, मला विचारू नका. मग भाषा बिचारी तपासायचं सोडून देते. “थोडक्यात, हिला डोळे मिटून घ्यायची सवय आहे,” ताई म्हणाल्या, “पण ती सोडणार आहे. आमच्याकडून होकार.” वडिलांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण ते इतके मोकळे झाले की त्यांनी ताईंना वाकून नमस्कार केला.

ताई त्या काळी रोज दौंडहून पुण्याला डेमू रेल्वेनं जात. खिडकीजवळची जागा, मांडीवर लॅपटॉप, आणि समोर बसलेल्या बायकांना न मागता दिलेलं तांत्रिक शिक्षण. पाटस सोडलं की मोबाईलची रेंज जायची, केडगावला यायची, पुन्हा यवतच्या आसपास जायची. बाकीच्या प्रवाशांच्या दृष्टीनं ही कटकट होती. ताईंच्या दृष्टीनं ती प्रयोगशाळा होती. सर्व्हरकडून ब्राउझरला एकामागून एक बातम्या पाठवत राहण्याची एक साधी रीत आहे, तिच्यावर त्यांचं अतोनात प्रेम. ब्राउझरनं सर्व्हरला एकदा हाक मारायची, आणि मग सर्व्हर सांगत राहतो, रेडिओसारखा. ब्राउझरनं नुसतं ऐकायचं. मध्ये जोडणी तुटली तर ब्राउझर आपणहून पुन्हा हाक मारतो आणि सांगतो, मी अमुक बातमीपर्यंत ऐकलं होतं, पुढचं सांगा. कासुर्डीची भाजीची पाटी घेऊन जाणारी एक बाई हे सगळं रोज ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, “ताई, आमच्या सासूबाईंचं बी असंच हाय. झोप लागली तरी उठल्यावर तिथनंच पुढं चालू.” ताईंनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, “पण त्या आधीचं पुन्हा सांगत नाहीत ना? मग चांगलं आहे.”

पुढं कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि ताईंचं सगळं शिक्षण माझ्या वाट्याला आलं. वरच्या खोलीत दोन टेबलं, एक त्यांचं, एक माझं. कंपन्या वेगळ्या, पण चहा एक. आणि याच खोलीत ते नदीचं पेज जन्मलं, ज्याच्यामुळं ताई भीमाकाठच्या चार गावांत ‘माहीत न्हाई बाई’ म्हणून ओळखल्या जातात.

झालं असं, की सासूबाईंचे थोरले भाऊ, आमचे मामा, नदीकाठच्या गावात एकटे राहतात. मामी गेल्या, मुलगा शिरूरला. मामांचा ऊस, मामांची दोन म्हसरं, आणि नदीवर पाण्याची मोटर. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटलं की भीमा फुगते, आणि त्याआधी काठावरच्या मोटरी दोर लावून, ट्रॅक्टरनं ओढून वर काढाव्या लागतात. कधी काढायच्या ते कळणं हाच सगळा प्रश्न. गावच्या ग्रुपवर ‘पाणी सुटलं’ असा निरोप यायचा. तो आजचा, कालचा की गेल्या वर्षीचा, ते कुणालाच कळायचं नाही. मामा एकदा आमच्याकडं आले तेव्हा हेच सांगत होते. “निरोप आला म्हनून गडी गोळा केलं, मोटरी काढल्या, आन् नदी आपली जागच्या जागी. म्होरल्या खेपंला निरोप आला तवा कुनी उठलंच न्हाई, तर मोटरी गेल्या.”

ताई ताट सोडून उठल्या. “म्हणजे निरोपावर तारीख नाही, कुणी मोजलं ते नाही, किती मोजलं ते नाही,” त्या म्हणाल्या. गावात असा बेशिस्त निरोप फिरतो याचं त्यांना पाण्यापेक्षाही जास्त वाईट वाटलेलं दिसत होतं.

गावची उपसा सिंचन संस्था होतीच, नदीतून पाणी उचलून शेतांना देणारी. तिच्या जॅकवेलच्या भिंतीवर, म्हणजे नदीपात्रातल्या पंपाच्या विहिरीवर, पाण्याची उंची मोजणारं एक यंत्र बसलं. खाली पाण्याकडे तोंड करून ते आवाजाची लाट सोडतं आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी कुठवर आलं ते सांगतं. यंत्राचे आकडे सर्व्हरकडे, सर्व्हरकडून गावकऱ्यांच्या मोबाईलवरच्या पेजवर, ताईंच्या त्या लाडक्या रीतीनं. सर्व्हरचा भाग त्या लिहिणार, पेज मी लिहायचं, रविवारी.

पहिल्याच रविवारी आमचं वाजलं. तारेवरून जे येतं तो नुसता मजकूर असतो. मी त्यावर एक शब्द चिकटवून टाकला, ज्याचा अर्थ होतो, ‘ही पाण्याची पातळीच आहे, माझ्यावर विश्वास ठेव.’ सगळे असंच करतात. ताई माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

“ही पातळीच आहे हे तुला कुणी सांगितलं?”

“अहो ताई, सर्व्हर तुम्हीच लिहिलाय ना!”

“मी लिहिलाय म्हणून तर,” ताई म्हणाल्या.

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. आपण लिहिलेले हे सगळे प्रकार प्रोग्राम चालू झाला की पुसले जातात. ते आपल्या-आपल्यातलं बोलणं असतं. नदीवरच्या यंत्रानं ते वाचलेलं नाही. म्हणून बाहेरून जे येईल ते दारात थांबवायचं, त्याला ‘अनोळखी’ म्हणायचं, आणि तपासून मगच आत घ्यायचं. येणारी बातमी तीनच प्रकारची: पातळी, बिघाड, आणि ठोका. पातळी असेल तर तिच्यात खरोखरचा आकडा हवा आणि मोजल्याची वेळ हवी. ठोका म्हणजे थोड्या थोड्या वेळानं नुसतं ‘मी आहे’ असं सांगणं. जोडणी टिकावी म्हणून या रीतीत एक मुकी ओळ पाठवायची सोय आधीपासून असते, पण ती ब्राउझर स्वतःशीच ठेवतो, पेजला कळू देत नाही. ताईंना ते पटेना. “जिवंत आहे हे समोरच्याला कळणार नसेल तर जिवंत असून काय उपयोग?” असं म्हणून त्यांनी ठोक्याची खरीखुरी बातमी केली, आणि मी तिच्यासाठी पेजच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका ठेवला. ठोका आला की तो लुकलुकायचा.

“आणि तपासणीत नापास झाली तर?” मी विचारलं.

“तर आपल्याला माहीत नाही.”

“पेजवर काय दाखवू?”

“तेच. ‘माहीत नाही.’ लाल रंगात, पडदाभर. आणि खाली लिही, ‘नदीवर जाऊन बघा.’”

“मागचा आकडा दाखवला तर?”

“शिळा आकडा ताज्या ताटात वाढायचा नाही.”

पेज संस्थेच्या मीटिंगमध्ये दाखवायला आम्ही दोघी गेलो. संस्थेचे चेअरमन म्हणजे पांढरीशुभ्र टोपी आणि कुणाचंही बोलणं अर्ध्यात तोडायचा अधिकार. आकडा बघून ते खूश झाले. मग ताईंनी मुद्दाम जोडणी तोडून दाखवली आणि पडदा लाल झाला. चेअरमननी ती अक्षरं मोठ्यानं वाचली आणि सगळ्यांकडं बघितलं. “आवं बाई, माहीत न्हाई सांगायला काँप्युटर कशाला पायजे? त्ये तर आमचा वॉचमन बी सांगतूय.”

हशा पिकला. ताई हसल्या नाहीत. “चेअरमनसाहेब, वॉचमनला माहीत नसेल तर तो झोपतो. हे पेज तुम्हाला उठवेल.”

“म्हंजी रातभर उठायचं?”

“माहीत नसेल तर, हो.”

कोपऱ्यातून मामा म्हणाले, “करू द्या की ओ. पोरगी इतक्या लांबनं आलीया.” आणि तेवढ्यावर ठराव पास झाला. त्यात ताईंच्या मुद्द्याचा विजय होता की मामांच्या भिडेचा, हे ताईंनी येताना स्कूटीवर मला दोनदा विचारलं.

पहिला पावसाळा चेष्टेतच गेला. गावची लाईट जायची, यंत्र बंद पडायचं, पेज लाल. उंदरानं वायर कुरतडली, पेज लाल. दौंडच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी मागून विचारायचं, “काय बाई, आज तरी माहीत हाय का?” आणि ताई पिशवी खाली ठेवून, मोबाईल काढून, त्याला खरोखर पातळी सांगायच्या. तो बिचारा चेष्टा करायला आलेला, शेवटी आकडा पाठ करून जायचा. मला राग यायचा. ताईंना नाही. त्या म्हणायच्या, “विचारलं ना त्यानं? मग उत्तर द्यायचं.”

दुसऱ्या वर्षी श्रावणात तो दिवस आला. वरून पाणी सुटलेलं होतं, नदी हळूहळू चढत होती, पण आकडा अजून मोटरींच्या खाली होता. दुपारी जेवणं झाली होती. मी कंपनीच्या कुठल्याशा कॉलवर माना हलवत होते. ताईंच्या टेबलावरचा दुसरा पडदा लाल झाला.

आधी मी लक्ष दिलं नाही. लाल पडद्याची सवय झाली होती. पण ताई खुर्चीत पुढं सरकल्या आणि तशाच राहिल्या. मी कॉल बंद केला.

“लाईट गेली असेल,” मी म्हणाले.

“नाही. ठोका येतोय. यंत्राला लाईट आहे, नेट आहे. पण पातळीच्या जागी काही नाही. मोकळं पाठवतंय.” कोपऱ्यातला हिरवा ठिपका खरंच लुकलुकत होता, आणि त्याच्या बाजूला ती लाल अक्षरं.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली. तपासणी नसती, तर आमच्या भाषेनं त्या मोकळ्या जागेचा गुपचूप शून्य केला असता. पेजवर शून्य दिसला असता. नदी तळाला, सगळं आलबेल.

“मोकळं का पाठवेल?” मी विचारलं.

“दोन कारणं. यंत्र सैल होऊन भलतीकडं बघतंय. नाहीतर पाणी त्याच्या इतकं जवळ आलंय की त्याला मोजता येत नाही.” ताईंनी माझ्याकडं पाहिलं. “इथून दोन्ही सारखंच दिसतं.”

त्यांनी मामांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. चेअरमनना लावला, फोन बंद. तिसऱ्यांदा पुन्हा मामांना लावला. कुणीही काहीही सांगितलं तर ‘नक्की काय’ असं विचारणाऱ्या आमच्या ताई, त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “आता काय करायचं गं?”

मी स्कूटीची किल्ली घेतली.

वाटेत ताई मागं बसून एका हातानं माझा खांदा धरून होत्या आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मध्येच म्हणायच्या, “ठोका आला.” थोड्या वेळानं पुन्हा, “आला.” उसाच्या मधल्या कच्च्या रस्त्यावर चिखल झालेला, स्कूटी दोनदा घसरता घसरता राहिली. गावाच्या अलीकडं एक ट्रॅक्टर आडवा आला; मागं ओली, गाळानं भरलेली मोटर, तिच्यावर दोर गुंडाळलेला. मी काही विचारायच्या आत तो निघून गेला.

नदी दिसली आणि मी ब्रेक दाबला. जॅकवेलच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. तपकिरी पाणी, त्यावर जलपर्णीची हिरवी बेटंच्या बेटं, आणि ती यंत्राच्या पेटीला खालून टेकलेली. वर रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, जाळी, भांडी यांचे ढीग. काठाला ताडपत्रीच्या झोपड्या बांधून मासे धरणारी परप्रांतातली दोन बिऱ्हाडं होती, त्यांचा संसार वर आला होता. झोपड्यांच्या जागी आता पाणी होतं.

“मामा कुठंयत?” ताईंनी समोर दिसेल त्याला विचारलं.

“खालीच हुते की मगाशी,” एक जण म्हणाला.

“खाली म्हणजे...” म्हणत ताई वळल्या. त्या उताराकडं निघाल्या, मी मागून त्यांचा पदर धरला. मासेवाल्यांपैकी एक बाई हात करून काहीतरी सांगत होती, “बाबा उधर गए, उधर,” आणि ती दाखवत होती तिकडं फक्त वाकलेला ऊस दिसत होता.

त्या उसातून मामा आले. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, अंगभर चिखल, आणि काखेत बें बें करणारं शेळीचं करडू. त्यांनी ते त्या बाईच्या हातात दिलं आणि मग आमच्याकडं बघितलं.

“तुमी कशाला आलाव चिखलाचं?”

“फोन का उचलत नाही तुम्ही!” ताई ओरडल्या. ताईंना ओरडताना मी तेव्हाच पाहिलं.

“फोन व्हय? त्यो घरी चार्जिंगला लावलाय.” मामांना ताईंचा चेहरा आत्ता दिसला असावा. त्यांचा आवाज खाली आला. “तुजं ते पेज बघत हुतो घरी. म्हणलं अजून वाव हाय, च्या पिऊन जाऊ. तर लाल झालं. आता नदीला काय झालं त्ये घरात बसून कसं कळंल? म्हनून आलो बघाया. बघतो तर पानी पायरी चढलेलं. मग हाळी दिली समद्यांना. ही मानसं तर झोपड्यात झोपली हुती.”

ताई रस्त्याच्या कडेच्या मोरीवर बसल्या. मला वाटलं आता त्या काहीतरी विचारतील. पाणी पायरीवर कधी आलं, यंत्र हललं का. त्यांनी चष्मा काढला आणि रडायला लागल्या. मामा गोंधळले. चिखलाचे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

“मामा, ऐन वेळी माझं यंत्र म्हणालं माहीत नाही. सगळं शिकून, सगळं करून, ज्या दिवशी खरी गरज होती त्या दिवशी मला माहीत नव्हतं.”

“अगं पर खरं बोललं न्हवं त्ये?” मामा म्हणाले. “मग झालं की.”

मोटरी वाचल्या, एक सोडून. माणसं सगळी वाचली. बिऱ्हाडांना शाळेत जागा झाली. दोन दिवसांनी चेअरमन स्वतः दौंडला आमच्या घरी आले. मला वाटलं, आता बोलण्याची भरपाई करतील. त्यांनी चहा घेतला, रेल्वेच्या गाड्यांबद्दल थोडी तक्रार केली, आणि उठताना टोपी सारखी करत म्हणाले, “बाई, ती अक्षरं हायेत न्हवं लाल, ती आनखी मोठी हुतील का? आमच्या आईला बारीक दिसतंय.” ताईंनी विचारलं, “किती मोठी?” आणि दोघांनी भिंतीवर हातानं मापं घेतली.

यंत्र आम्ही आणखी वर बसवलं. ‘पाणी फार जवळ’ अशी चौथी बातमी ताईंनी वाढवली. आणि ती वाढवताच, या बातमीसाठी पेजवर काही लिहिलेलं नाही, असं माझ्या प्रोग्रामनं जागोजागी ओरडून सांगितलं. अशा वेळी ताईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी एरवी फक्त नातवंडं बघणाऱ्या आज्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

पावसाळा संपला की पेजकडं कुणी फिरकत नाही. किती जण ऐकताहेत ते सर्व्हरला कळतं. तो आकडा उतरत उतरत हिवाळ्यात तळाला जातो. त्या वर्षी तो एकावर येऊन थांबला. उन्हाळा आला, नदीत नावाला डबकी राहिली, तरी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणीतरी एक जण ऐकत होतं. आधी ताईंना तो बिघाड वाटला. दोन रविवार त्यांनी तो शोधण्यात घालवले. मग एक दिवस मामा जेवायला आले असताना त्यांनी विचारलं, “मामा, उन्हाळ्यात पेज कोण बघतं हो तुमच्या गावात?”

मामांनी भाकरीचा तुकडा आमटीत बराच वेळ फिरवला. “मीच. पानी बघत न्हाई गं. मोबाईल आपला कोनाड्यात चालू ठिवतो. तो हिरवा ठिपका हलतूय न्हवं, तेवडंच. घरात कुनीतरी जागं हाय असं वाटतंया.”

सासूबाई पदरानं डोळे टिपत आत गेल्या. आदल्या वर्षी मे महिना लागताच आम्ही सर्व्हर बंद ठेवला होता. त्या वर्षी ताईंनी तो बंद केला नाही.

पुढच्या थंडीत मामांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना शिरूरला घेऊन गेला. म्हसरं विकली. नव्या घरात नातवंडांनी त्यांना नवा मोबाईल दिला. एका सकाळी ताईंनी मला पडदा दाखवला. ऐकणारे शून्य. “हा शून्य खरा आहे,” त्या म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून एक रविवार आड त्या एसटीनं शिरूरला जातात. माझं माहेर तिथंच, म्हणून परवा मीही गेले. मामा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसले होते, पायावर शाल. घोडनदीचा काठ तिथून दिसत नाही, नुसत्या इमारती दिसतात. त्यांनी ताईंना दोनदा माझ्या सासूबाईंच्या नावानं हाक मारली आणि ताईंनी दोन्ही वेळा ‘ओ’ दिली. मग मामा कुठल्या तरी जुन्या पुराचं सांगत बसले, गाव कोणतं, साल कोणतं, कशाचा कशाला मेळ नव्हता. ताई त्यांच्यासाठी संत्री सोलत होत्या, एक एक फोड शिरा काढून त्यांच्या तळहातावर ठेवत होत्या. मी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. संत्री संपली, ऊन भिंतीवर गेलं, मामांना बसल्या बसल्या डुलकी लागली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. न्हावरा गेलं. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं, मध्येच पाचट जाळल्याचा वास. ताई बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “मामा थकले गं,” आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्यांनी डोळे मिटले. त्यांचे केस इतके पिकलेत हे मला रोज समोरासमोर बसून कधी दिसलं नव्हतं. गाडी दौंडच्या स्टँडवर लागली, माणसं उतरली, कंडक्टर तिकिटांची पेटी बंद करून खाली गेला. मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. जरा वेळ त्यांना उठवलं नाही.